पंख्यातून पार गेलेली लिंबू-मिरची

आधीच सांगते, मी फिजिक्स शिकवते. नजर लागणं वगैरे ऐकलं की माझं डोकं फिरतं. तरीही अमळनेरला आमच्या कॉलेजात जे झालं ते लिहितेय... हसायचं तर हसा.

पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला विमानं नुसती टेहळणी करायची. मग पायलट एकमेकांवर पिस्तुलं झाडू लागले. पुढे मशीनगन बसवली, पण तिच्यासमोर विमानाचाच पंखा! त्यावर तोड निघाली – पातं समोरून सरकलं की मगच गोळी सुटेल अशी जोडणी. तिचंच मॉडेल मी केलं होतं, गोळीऐवजी हरभरा. सरावात दर वेळी हरभऱ्याने पंखा मोडला. आता शेवटचा उरला होता. आणि प्रिन्सिपल सरांनी बजावलेलं, प्रात्यक्षिक फसलं तर मॉडेल क्लबची खोली जुन्या बाकांना. पोरांनी ती स्वतः रंगवलीय हो... माझा जीव टांगणीला लागला होता.

त्या दिवशी माझे सासरे, नाना, सोबत आले. घरात ट्रॅक्टर येवो की मिक्सर, नाना लिंबू-मिरची बांधणारच. मी पोरांशी बोलत असताना त्यांनी ती थेट बंदुकीच्या नळीला बांधली. मला दिसलं तेव्हा पंखा सुरू झाला होता.

"नाना, हे काय?"

"नवं मशीन शे, नजर लागी जाई. तुन्हं काम तू कर, मन्हं काम मी करस."

सर घड्याळ बघत होते. मी देवाचं नाव न घेता खटका ओढला. दोरा तुटला – मिरच्या एकामागून एक, शेवटी लिंबू, फिरत्या पंख्यातून पार... समोरच्या पुठ्ठ्याच्या शत्रूविमानावर. पंख्याला ओरखडा नाही. मिरचीचा देठसुद्धा शाबूत. टाळ्या पडल्या, खोली वाचली. मला रडूच आलं.

आवरताना ॲप्रनच्या खिशात हात घातला, तर पंखा आणि खटका जोडणारी तार खिशातच. घाईत लावायचीच राहिली होती. म्हणजे पातं कधी सरकतंय हे बंदुकीला कळायचा मार्गच नव्हता. मग तार नीट लावून हरभरा सोडून पाहिला... पंखा मोडला.

नानांना विचारलं, तर म्हणे, "माले काय इचारस? मास्तरीनबाई तर तू."

मी नवा पंखा बनवला. पुढचं प्रात्यक्षिक जवळ आलंय. काल नानांना सहज विचारलं, येताय ना?

"लिंबू लई येऊ का?"

मी इकडेतिकडे बघितलं. "आणा. पण नळीलाच बांधा."