दाराशी टांगलेली पाटी

चुका कोण करत नाही? पण स्वतःच्या चुकांचा एवढा षौक असलेला माणूस उभ्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. आमच्या कारखान्यातल्या पॅकिंग खात्याचे हे सुपरवायझर. मूळचे पिशोरचे, शेतकरी घरातले. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. दुसऱ्या खात्यांच्या दाराशी उत्पादनाचे तक्ते असत, आमच्या दाराशी आबांनी शाळेतल्या पोरांची असते तसली दगडी पाटी टांगली होती. सकाळचा भोंगा व्हायच्या आत ते पेन्सिलीनं तिच्यावर आदल्या दिवशीची आपली एक चूक लिहायचे, खाली सही ठोकायचे आणि दोन पावलं मागं सरून इतक्या समाधानानं वाचायचे की बघणाऱ्याला वाटावं, गड्याला बक्षीस लागलंय. खालची जागा मोकळी. ज्याला वाटेल त्यानं आपली चूक लिहावी. संध्याकाळी ओल्या फडक्यानं पाटी पुसायची, आणि पुसली की विषय संपला. मग तो विषय परत कुणी काढायचा नाही.

बरं, चुका तरी कसल्या! 'काल घरी भाजी अळणी आहे म्हणालो. अळणीच होती, पण म्हणायला नको होतं.' ही वहिनींनी लिहायला लावलेली असणार, यावर आमचं एकमत होतं. एकदा तर 'काल मोठ्या साहेबांच्या विनोदाला हसलो. हसू आलं नव्हतं,' असं लिहून ठेवलं आणि नेमके साहेब फेरीला आले. त्यांनी वाचलं, कसनुसा चेहरा केला आणि पुढं गेले. छावणीतून सायकलवर येणारे आमचे फोर्कलिफ्टवाले शफीकभाई कपाळावर हात मारून म्हणाले, "आबा, जरा तो डरो ना! नौकरी है, मजाक नक्को."

"लिवलं नसतं तर उद्याबी हसावं लागलं असतं, भाई," आबा म्हणाले.

कंपनीनं एकदा सगळ्या सुपरवायझरांना चांगला नेता कसं व्हावं याच्या शिबिराला बसवलं. पुण्याहून एक टायवाले गृहस्थ आले होते. त्यांनी विचारलं, नेता म्हणजे कोण? कुणी सेनापती म्हणालं, कुणी कप्तान. आबा उठून म्हणाले, "इर्जिकीत ज्याचं शेत असतं त्यो." आमच्याकडं एखाद्याचं शेत नांगरायचं राहिलं की सगळा गाव आपापली बैलं घेऊन एका दिवसात त्याचं काम उरकून देतो, त्याला इर्जिक म्हणतात. ज्याचं शेत, तो उन्हातान्हात सगळ्यांना पाणी देत फिरतो, सगळ्यांना जेवू घालतो आणि शेवटी स्वतः जेवतो. टायवाल्यांनी टाळ्या वाजवायला लावल्या, पण फळ्यावर सेनापतीच लिहिला.

मी तेव्हा फुलंब्रीहून रोज बसनं यायचो. नोकरी कच्ची होती. महिनाअखेरीला कायम करायचं की घरी धाडायचं ते ठरणार होतं. आमच्या वडिलांना दम कुठला निघतोय? पोरगं पर्मनंट झालं म्हणून त्यांनी गावभर सांगूनही टाकलं होतं. आणि त्याच महिन्यात मी माती खाल्ली.

आमच्याकडं स्कूटरच्या पट्ट्या खोक्यांत भरायचं काम असे. डाव्या बाजूच्या पट्ट्या माझ्या डाव्या हाताला, उजव्या बाजूच्या उजव्या हाताला. दिसायला अगदी सारख्या. त्या शुक्रवारी जेवणानंतर पंख्याच्या वाऱ्यासाठी मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसलो, आणि हातांच्या सवयीनं डाव्या हाताची पट्टी 'डावी' छापलेल्या खोक्यात भरत राहिलो! म्हणजे सकाळची खोकी बरोबर, दुपारची सगळी उलटी, आणि एकाच थप्पीत मिसळलेली. हे माझ्या डोक्यात कधी आलं, तर घरी जाताना बसमध्ये. ट्रक सोमवारी सकाळी निघणार होता.

शनिवारी मी कुणालाच काही बोललो नाही. डबासुद्धा उघडला नाही. आबांना थप्पीतलं कुठलंही एक खोकं उघडून बघायची खोड होती. त्यांनी उघडलं, पट्टी हातात फिरवली आणि परत ठेवली. माझ्या बंद डब्याकडं एकदा बघितलं. मग त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. एकाच दिवसात पाटीवर दुसरी चूक लिहिली : 'माझ्या खात्यात एका माणसाला आपली चूक मला सांगायची भीती वाटली. ही चूक माझी.' खाली सही.

ते वाचून इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी पेन्सिल उचलली आणि खाली सगळं लिहून काढलं.

आबांनी वाचलं. "जेव आधी," म्हणाले. मग मोठ्यानं ओरडले, "उद्या सुट्टी हाय, पण इर्जिक हाय! ज्याला यायचं त्यानं या."

रविवारी एकूण एक माणूस आला. शफीकभाई तर पोराला नवा सदरा घ्यायचं सोडून आले. एकेक खोकं उघडून पट्ट्या ज्याच्या त्या खोक्यांत लावल्या, आणि आबा तांब्या घेऊन पाणी देत फिरले. वहिनींनी पाठवलेलं पिठलं-भाकरी सगळ्यांना वाढून ते शेवटी बसले, तेव्हा पिठलं संपलं होतं. संध्याकाळी पाटी पुसली. महिनाअखेर मी कायम झालो.

आबांना निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या खुर्चीवर मी बसतो. परवा पिशोरला त्यांना भेटायला गेलो. डोळे अधू झालेत. पाटीची खोड मात्र घरीही आहे, आता वहिनी लिहितात आणि हे सही करतात. निघताना त्यांनी माझा हात धरून विचारलं, "पोरं लिवतात का रे अजून पाटीवर?"

"लिहितात ना, आबा," मी म्हणालो.

कुठलं काय! नवीन पोरं हुशार, अदबीची. पण कित्येक वर्षं त्या पाटीवर माझ्याशिवाय कुणी अक्षर काढलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लिहिलं : 'काल एका माणसाशी खोटं बोललो. पोरं लिहितात, असं सांगितलं.' सही केली आणि कामाला लागलो.

जेवणाच्या सुट्टीत दाराशी आलो, तर माझ्या सहीखाली वाकड्यातिकड्या अक्षरांत एक ओळ होती : 'मी काल मशीन न पुसताच घरी गेलो.' त्याखाली आणखी एक, वेगळ्या अक्षरात.

त्या संध्याकाळी पाटी पुसायला माझा हात धजला नाही. फडकं तसंच वाळत घातलं आणि पिशोरची शेवटची बस धरली.