डिनरनंतरची गाडी

"मग स्टॅनची गाडी यादीतून काढून टाक," ग्रॅहम म्हणाला आणि मी काढली. दोन क्लिकचं काम. नंतर आम्ही मशीनची पाणचट कॉफी घेतली आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलो.

ही गोष्ट दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची. ब्रॅकनेलच्या एका कंपनीत मी सप्लाय चेन इंजिनिअर होते. ग्रॅहम माझा बॉस. हे पद सांगितलं की पुण्याचे नातेवाईक आदरानं मान हलवायचे आणि थोड्या वेळानं हळूच विचारायचे, "म्हणजे नक्की काय करतेस गं?" तर कारखान्याला लागणारा माल कुठून, कशात भरून, कुठल्या गाडीनं आणि किती वाजता येईल, हे ठरवणारी बाई. आमचा कारखाना मात्र वर यॉर्कशायरमध्ये होता. तिथे लॅबोरेटरीत लागणारी मापनयंत्रं जोडली जायची. आम्ही खाली दक्षिणेत बसून फोन आणि ईमेलवर तिथल्या लोकांचं आयुष्य सुधारायचो.

त्या वर्षी वरिष्ठांनी सस्टेनेबिलिटी मनावर घेतली होती. कचरा कमी करा, डिझेल कमी जाळा. मी दोन दिवस कारखान्याच्या गुड्स-इनमध्ये, म्हणजे माल उतरवून घेतात त्या दारात, नुसती उभी राहिले. तेवढ्यात सगळं दिसलं. तीन सप्लायर होते. एक पत्र्याचे भाग देणारा, एक प्लास्टिकचे. तिसरा स्टॅन. तो यंत्रं पॅक करायला लागणारे फोमचे साचे कापून द्यायचा. तिघं एकमेकांपासून वीसेक मिनिटांच्या अंतरावर. तिघांच्या तीन गाड्या अर्धवट भरून यायच्या आणि रिकाम्या परत जायच्या. माल पुठ्ठ्याच्या खोक्यांत यायचा आणि खोकी उघडली की थेट कचऱ्यात.

लहानपणी आम्ही दूधकेंद्रावर रिकाम्या बाटल्या देऊन भरलेल्या घरी आणायचो. मला तेच करायचं होतं. रोज दुपारी एकच गाडी तिघांकडे फिरेल, घडीच्या प्लास्टिक क्रेटमधून माल उचलेल आणि आधीचे रिकामे क्रेट तिथे ठेवेल. याला आमच्या धंद्यात मिल्क-रन म्हणतात. हे कागदावर सोपं असतं. प्रत्यक्षात तीन मालकांना एका टेबलाशी बसवून "तुमचा माल दुसऱ्याच्या गाडीत चालेल का?" असं विचारावं लागतं. पत्र्याच्या कंपनीची शीला (हो, तिकडेही शीला असतात) पहिल्या मीटिंगला हाताची घडी घालून बसली होती. तिसऱ्या मीटिंगला ती स्वतःच क्रेटचे आकार सुचवायला लागली. तेव्हा मला वाटलं, जमलं आपल्याला.

प्रश्न उरला गाडी कुणाची, एवढाच. एक तर बाहेरची हॉलेज, म्हणजे मालवाहतूक करणारी कंपनी, नाही तर स्टॅन. स्टॅनचं वर्कशॉप तिघांत सगळ्यात लहान, पण गाडी सगळ्यात मोठी, कारण फोम म्हणजे निम्मी हवा. ती गाडी केन चालवायचा, गेली अठरा वर्षं. आठवड्यातल्या दोन सकाळी तो आमच्याकडे यायचा आणि बाकीच्या सकाळी एका सोफे बनवणाऱ्याकडे जायचा. मिल्क-रन हॉलेज कंपनीला गेला असता तर आमचा फोमही तिच्याच गाडीत गेला असता. मग फक्त सोफेवाल्यासाठी गाडी आणि माणूस ठेवणं स्टॅनला शक्य नव्हतं. हे त्यानं पहिल्याच मीटिंगमध्ये, आवाज न चढवता, सांगून टाकलं होतं.

मी सगळ्यांना एक फॉर्म पाठवला. त्यात एक रकाना होता, गाडी कधीपासून मोकळी असते? स्टॅनचं उत्तर फॅक्सनं आलं. ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, "आफ्टर डिनर, एनी डे." मला केनची दया आली. बिचारा दिवसभर राबतो की काय! माझ्या एक्सेल शीटला शब्द चालत नव्हते, आकडे लागायचे. मी विचार केला, इंग्रज माणूस जेवून उठेपर्यंत आठ तरी वाजतात, आणि भरलं, २०:००. आमचं गुड्स-इन पाचला बंद व्हायचं. शीटनं तो रकाना लाल केला. ग्रॅहमनं लाल रंग पाहिला आणि सुरुवातीला सांगितलं ते वाक्य म्हणाला. मी स्टॅनला व्यवस्थित पत्र धाडलं: आपली गाडी मोकळी असण्याची वेळ आमच्या वेळेत बसत नसल्यामुळे, वगैरे.

त्याचं काहीच उत्तर आलं नाही.

दीडेक आठवड्यानं मला त्याच्याकडे जावंच लागलं. मिल्क-रन कुणीही चालवला तरी फोमचे साचे नव्या क्रेटमध्ये बसायला हवे होते. पहाटेच निघाले, गाडीच्या डिकीत दोन क्रेट टाकले आणि अकराच्या आत पोचले. स्टॅन साठीचा, उंच, कमी बोलणारा. त्यानं पत्राचा विषयही काढला नाही. आम्ही तासभर टेप घेऊन मापं घेतली. सगळं नीट चाललं होतं, म्हणून मला जास्तच अवघडल्यासारखं होत होतं.

बारा वाजता घंटा झाली. स्टॅननं टेप खिशात टाकली.

"डिनरला थांबणार ना, लव्ह?" तिकडे सगळ्यांना लव्हच म्हणतात, त्यात काही नाही.

"थँक यू, पण संध्याकाळपर्यंत मला घरी पोचायचंय," मी म्हणाले.

"संध्याकाळचं कोण बोलतंय? आत्ता. बटाट्याचा पाय आहे, तुझ्यासाठी बिनमांसाचा सांगून ठेवलाय. गार होईल."

पाय म्हणजे वर मैद्याचं कवच घालून भाजलेली भाजी. मी तशीच उभी राहिले.

"स्टॅन, तुम्ही डिनर किती वाजता घेता?"

"बाराला. सगळं जग घेतं तेव्हा."

"आणि संध्याकाळी जे खाता, ते?"

"तो टी." एवढ्या शिकलेल्या बाईला हेही माहीत नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

"मग तुमची गाडी आफ्टर डिनर मोकळी, म्हणजे..."

"साडेबारा. केन परत येतो, डिनर करतो आणि मग ती गाडी, आपली वॅगन, धूत बसतो. दुसरं काम नाही त्याला. यॉर्कशायरमधली सगळ्यात स्वच्छ वॅगन आहे ती."

मी त्याला खरं ते सांगितलं. सांगताना इतकी लाज वाटली की इंग्रजी अडखळायला लागलं. तो मला ऑफिसात घेऊन गेला आणि टेबलाचा ड्रॉवर उघडला. माझं पत्र आत होतं, घडी उलगडून पुन्हा घातलेलं.

"नऊ दिवस झाले," तो म्हणाला. "रोज सकाळी ठरवतो, आज केनला सांगायचं. तो येतो, चहा करतो, मलाही देतो. मग राहतं."

"पण तुम्ही मला फोन का नाही केलात? दुपारची वेळ का बसत नाही, असं विचारायचं तरी!"

"मोठ्या कंपन्या नाही म्हणताना काहीतरी कारण लिहितातच. मला वाटलं, तुमची नाही म्हणायची रीत असेल."

मला रडू येईल असं वाटलं. आलं नाही, कारण बाहेरून कुणीतरी पाय गार होतोय म्हणून ओरडलं. तो पाय मी खाल्ला. चांगला होता.

यार्डातूनच ग्रॅहमला फोन केला. "हॉलेज कंपनीच्या कागदावर सही केलीस?"

"शुक्रवारी करणार. का?"

"करू नकोस. स्टॅनची गाडी साडेबाराला मोकळी होते."

"तुझ्या शीटमध्ये वीस शून्य-शून्य आहे."

"ते मी घातलंय. त्यानं डिनर लिहिलं होतं."

ग्रॅहम सरेचा, म्हणजे दक्षिणेतलाच; तिथे डिनर रात्रीचंच. "मी साडेसात घातलं असतं," तो म्हणाला. त्यातल्या त्यात मला तेवढाच आधार वाटला.

परत येताना एम-वन हायवेवर सारखं तेच डोक्यात घोळत होतं. आपल्याकडे कुणी म्हणालं, "जेवण झाल्यावर येतो," तर आपण लगेच विचारतो, "दुपारचं की रात्रीचं?" विचारल्याशिवाय पुढे जातच नाही. हाच प्रश्न मी मराठीत बोलत असते तर स्टॅनला विचारला असता. पण शब्द इंग्रजी होता आणि शाळेतल्या तक्त्यावर ब्रेकफास्ट, लंच, डिनर ओळीनं पाठ करून मी त्यात पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. जी भाषा आपल्याला येते असं वाटतं, तिच्यात आपण प्रश्न विचारत नाही.

घरी निखिलला, माझ्या नवऱ्याला, सांगितलं. तो डॉक्टर. इंग्लंडमधली त्याची पहिली नोकरी तिकडे यॉर्कशायरमध्येच, बार्न्सलीच्या बाजूला होती.

"अगं, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं," तो हसत म्हणाला. "एक आजोबा म्हणाले, डिनरनंतर छातीत दुखतं. मी रात्रीची गोळी लिहून देणार होतो. नर्सनं हात धरला."

"मग मला सांगायचंस ना!"

"तू विचारलंस कुठे?"

वाटभर स्वतःला ऐकवलेलं पुन्हा ऐकायची माझी तयारी नव्हती. मी भांडी घासायला घेतली.

शुक्रवारच्या मीटिंगमध्ये तिन्ही सप्लायर आणि ग्रॅहम यांच्यासमोर मी माझी चूक, माझ्याच तोंडानं, सविस्तर सांगितली. शीला इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग तिनंच शीट पुढे ओढलं आणि म्हणाली, साडेबाराला निघाली तर गाडी आमच्याकडे एकला, मग प्लास्टिकवाल्यांकडे, तीनच्या आत कारखान्यात. लाल रकाना हिरवा झाला. स्टॅन निघताना मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाला, "केनला त्या पत्राचं कळायला नको." मी शब्द दिला.

मिल्क-रन सुरू झाला. तिघांपैकी दोन गाड्यांच्या फेऱ्या बंद झाल्या आणि कारखान्यामागचा खोक्यांचा ढीग काही आठवड्यांत दिसेनासा झाला. दोनदा क्रेट चुकीच्या दारात गेले, एकदा फोम पावसात भिजला, पण गाडी कधी चुकली नाही. मी मात्र एक सवय लावून घेतली. वेळेच्या रकान्यात कुणी शब्द लिहिला, मग तो मला कितीही कळलेला असो, की फॉर्म परत पाठवायचा. पुढे माझ्या हाताखाली आलेल्यांना याचा फार जाच झाला.

पहिल्या दिवशी गाडी बघायला मी मुद्दाम गुड्स-इनमध्ये थांबले होते. तीनला दहा मिनिटं कमी असताना ती आली. केन उतरला. बुटका, टक्कल पडलेला, कपाळाला आठ्या. मी हात पुढे केला.

"हे मिल्क-रनचं खूळ तुमचं?" त्यानं विचारलं. मी हो म्हणाले.

"तीन दारं, तीन सह्या आणि वर हे रिकामे क्रेट वाहायचे. दुपारी जरा निवांत होतो मी. वॅगन धुवायलासुद्धा वेळ राहिला नाही."

"सॉरी, केन," मी म्हणाले.

"सॉरी म्हणून काय उपयोग? आता हे रोजचंच झालं ना?"

"हो," मी म्हणाले. "रोजचंच."