पट्टी मात्र सुरेख होती

दर गुरुवारी दुपारी आमच्या इस्पितळात डॉक्टरांचा वर्ग भरायचा. त्या वर्गाचं नाव काढलं की आजही माझं डोकं तापतं. सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं, पिंपरीपासून निगडीपर्यंत रोज एखादी नवी शेड उभी राहत होती, आणि तिथली तुटकी बोटं नि भाजलेले हात आमच्या अपघात विभागात यायचे. मी तिथली सिस्टर. जखमी माणूस आला की पहिला हात आमचा लागायचा, डॉक्टर मागून यायचे. शिकायची वेळ आली की मात्र डॉक्टर आत आणि आम्ही दाराबाहेर.

अगदीच बाहेर नाही म्हणा. वर्गाआधी भिंतीवर तक्ते टांगायचे आणि वर्ग संपला की गुंडाळून कपाटात ठेवायचे, हे काम माझ्याकडे होतं. मधल्या वेळात चहा आत पोचला का ते बघायचं. एकदा मी तक्ता टांगून तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले, तर मोठे डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले, "सिस्टर, वॉर्डात काम नाही का?" काम होतं. त्या कामासाठीच तर मला ऐकायचं होतं. पण हे बोलायची तेव्हा छाती नव्हती, म्हणून मी निमूट बाहेर आले.

तरी टांगता-उतरवता मी वाचायचे. त्यातला एक तक्ता मला अजून जसाच्या तसा दिसतो. एक कामगार नळाखाली वाकलाय, दुसरा त्याची पापणी बोटांनी उघडी धरून पाणी सोडतोय. वर ठळक मराठीत लिहिलेलं: डोळ्यात ॲसिड, कॉस्टिक, चुना गेल्यास आधी पाणी, भरपूर पाणी, निदान वीस मिनिटं. मलम नको, पट्टी नको. आणि अगदी खाली बारीक अक्षरांत, 'कारखान्यात सर्वांना दिसेल अशा जागी लावावा.'

या तक्त्याचा अख्खा गठ्ठा आमच्याकडे आला होता. कारखान्यांना वाटण्यासाठी आला होता आणि कपाटाच्या खालच्या फळीवर सुतळीसकट पडून होता. मी एकदा कारकुनाला विचारलं, हे वाटत का नाही? तो म्हणाला, "वाटले की संपतात. तपासणीला साहेब आले तर दाखवायचं काय?" तो चेष्टा करत नव्हता. तपासणीच्या दिवशी एक तक्ता बाहेर यायचा, साहेब मान डोलवायचे, तक्ता परत आत. इस्त्री केलेल्या साडीसारखे जपले होते ते तक्ते. चावी मोठ्या डॉक्टरांच्या टेबलात, आणि गुरुवारी दोन तासांपुरती माझ्या हातात.

आता एका ड्रेसरबद्दल, म्हणजे कारखान्यात मलमपट्टी करणाऱ्याबद्दल, सांगते. निगडीच्या पुढे एका कंपनीत तो प्रथमोपचाराच्या खोलीत होता. मूळचा मावळातला, आधी पत्रा कापायच्या प्रेसवर कामाला. प्रेसमध्ये उजव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हा कंपनीनं हलकं काम म्हणून ड्रेसिंगला बसवला. शिकवलं काही नाही. आयोडीनची बाटली कुठली आणि कापूस कुठे, एवढं दाखवलं की झाला ड्रेसर. पण माणूस जिद्दीचा. आम्ही वर्षातून एकदा आजूबाजूच्या कंपन्यांच्या ड्रेसरांना पट्ट्या बांधायला शिकवायचो आणि मग त्यांची स्पर्धा घ्यायचो. त्या स्पर्धेत तीन बोटांच्या हातानं त्यानं अशी पट्टी बांधली, की बघत राहावं. एकावर एक सारखे वेढे, कुठे सुरकुती नाही, गाठ कानाच्या वर. पहिला नंबर आला. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला.

त्यानंतर काही महिन्यांनी, एका दुपारी, तोच ड्रेसर कंपनीच्या जीपमधून एका कामगाराला धरून घेऊन आला. चिखलीहून सायकलवर शिफ्टला येणारा, बावीस-तेवीस वर्षांचा, धातूला मुलामा देतात त्या प्लेटिंगच्या टाकीवर काम करणारा. कॉस्टिक सोड्याचा शिंतोडा उजव्या डोळ्यात उडाला होता. डोळ्यावर पट्टी होती. सारखे वेढे, गाठ कानाच्या वर. पट्टी सुरेख होती आणि तिच्याखाली कॉस्टिक डोळा जाळत होतं.

मोठ्या डॉक्टरांनी पट्टी कापली. "डोळा धुतला होता का?"

"न्हाई साहेब," ड्रेसर म्हणाला. "लगीच पट्टी बांदली. येक मिन्ट बी दवडलं न्हाई."

"गाढव आहेस का तू?"

मी सलाईनची बाटली उघडून धार धरली होती. तासभर धूत राहिलो. बुबुळ उकडलेल्या अंड्यासारखं पांढरं झालेलं मला दिसत होतं, तरी मी धार सोडली नाही. तो कामगार माझा पदर धरून सारखं एकच विचारत होता, "शिस्टर, दिसंल ना? पुढल्या म्हैन्यात पर्मनंट करनार हायत मला." मी म्हणाले, "दिसेल." खोटं बोलले. पुण्याच्या मोठ्या इस्पितळात पाठवला, पण त्या डोळ्याला पुन्हा उजेड दिसला नाही.

दोन दिवसांनी मोठ्या डॉक्टरांनी कंपनीला पाठवायचा अहवाल सांगितला आणि कारकुनानं तो टाइप केला. 'ड्रेसरच्या अज्ञानामुळे व निष्काळजीपणामुळे' असं त्यात होतं. साक्षीदार म्हणून मी सही करायची होती. मला ते वाचून असा काही संताप आला, की इतकी वर्षं न झालेली छाती त्या दिवशी झाली.

"साहेब, त्याला कळलं कुठून असतं? सांगणारा तक्ता आपल्या कपाटात आहे."

"सिस्टर, तो तक्ता वर्गासाठी आहे."

"खाली लिहिलंय, कारखान्यात लावावा."

"उद्या हे लोक तक्ते वाचून स्वतःच इलाज करायला लागतील. मग आपण कशाला?"

"डोळ्यावर पाणी ओतायला डिग्री लागत नाही, साहेब."

मी सही न करता बाहेर आले आणि स्टोअरमध्ये जाऊन रडले. दुःखानं नाही, निव्वळ रागानं. माझ्या सहीवाचून त्यांचं काही अडलं नाही, अहवाल गेलाच.

पुढच्या गुरुवारी चावी हातात आली तेव्हा मी वर्गाचे तक्ते टांगले आणि खालचा गठ्ठा सुतळीसकट उचलून माझ्या खोलीत नेला. शुक्रवारी माझी सुट्टी होती. गठ्ठा काखेत मारून बसनं निगडी गाठली आणि तिथून कंपनीपर्यंत चालत गेले. वाटेत मनात भाषण तयार करत होते. भाऊ, तुमची काही चूक नाही. चूक त्या कुलपाची आहे, त्या मोठ्या डॉक्टरांची आहे, शिकवणं म्हणजे आपली इस्टेट समजणाऱ्यांची आहे. हे सगळं मी त्याला सांगणार होते. खरं सांगायचं तर, स्वतःवर जराशी खूषही होते.

तो प्रथमोपचाराच्या खोलीत नव्हताच. अहवाल आल्यावर कंपनीनं त्याला तिथून काढून ऑफिससमोरच्या बागेत लावलं होतं. हातात रबरी नळी धरून तो गुलाबांना पाणी घालत होता.

"आता दिसभर पानीच वततोय, बाई," तो म्हणाला. हसला नाही.

मी तक्ता उलगडून दाखवला. त्यानं नळी खाली ठेवली, हात पँटला पुसले आणि सावकाश, एकेक शब्द वाचला. पुन्हा वरपासून वाचला. मी माझं भाषण सुरू केलं, कुलूप, कपाट, डॉक्टर. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "जरा थांबा," आणि आत जाऊन स्टीलचा डबा घेऊन आला. तोच, बक्षिसाचा. डब्यात घडी घातलेला एक कागद होता. स्पर्धेचा गुणांचा कागद, त्यानं जपून ठेवलेला.

'डोळ्याची पट्टी. नीटनेटकेपणा, दहापैकी दहा. वेळ, दहापैकी दहा.' खाली सही माझी.

"घड्याळ तुमीच धरलं हुतं बाई," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसवेना. "तुमी म्हनला हुता, डोळा म्हनलं की हात झटपट चालला पायजे. आमी तसंच केलं. पान्याचं त्यात काय बी न्हवतं."

नव्हतंच. तो तक्ता मी त्या वेळी दर गुरुवारी टांगत होते. मला पाठ होता. स्पर्धेत सतरा ड्रेसर माझ्यासमोर उभे होते आणि मी त्यांना वेढे कसे सारखे यावेत ते शिकवलं. पाण्याचं सांगायला मला कुणाची परवानगी लागत नव्हती, की चावी लागत नव्हती. मला ते सुचलं नाही. पट्ट्या ड्रेसरांच्या आणि तक्ते डॉक्टरांचे, ही वाटणी माझ्याही डोक्यात पक्की बसली होती.

गठ्ठा मी तिथेच ठेवला. आसपासच्या कंपन्यांत तक्ते त्यानंच नेऊन लावले, रोज शिफ्ट सुटल्यावर, सायकलवरून, एकेक करून.

आठवड्याभरात मला मेमो मिळाला. परवानगीशिवाय तक्ते नेल्याबद्दल लेखी खुलासा करावा. मी एका ओळीत लिहून दिलं: तक्ते मी नेले, आणि त्या पट्टीला दहापैकी दहा मार्कही मीच दिले होते, दोन्हींबद्दल जी शिक्षा असेल ती करावी.

तक्त्यांबद्दल माझी एक वेतनवाढ रोखली. मार्कांबद्दल मला आजवर कोणी काही विचारलेलं नाही.