परवा म्हणजे किती तारीख?

दुपारी तीनला शहादेवकाका आमच्या दारात चप्पल काढतात आणि विचारतात, "लागलं का आपलं ठाणं?"

ठाणं म्हणजे टीव्हीवरची विलायती पोलिसांची मालिका. काका निवृत्त जमादार, पाटोद्यात आमच्या समोरच राहतात. टीव्ही त्यांच्याकडंही आहे, पण त्यावर मनकर्णाकाकूंचं राज्य.

"तीस वर्षं ठाण्यात काढली, आता शेजाऱ्याच्या घरात ठाणं मांडलंय," काकू त्यांच्या ओट्यावरून ऐकवतात.

मालिका हिंदीत डब केलेली. ओले रस्ते, बंद पडलेल्या गिरण्यांचं गाव आणि झोप न झालेली एक फौजदार बाई. कमरेला पिस्तूल नाही. चहा रोज निवतो. एकदा चुकीच्या माणसाला धरते, मग त्याच्या दारात जाऊन माफी मागते. मला वाटलं, काका कंटाळतील. आपल्या पोलिसी सिनेमात हिरोनं एक थोबाडीत दिली की चोर गुन्हा कबूल करतो.

"ते बघून आमालाच हसू यायचं," काका म्हणाले. "ही बाई खरी हाय. लिहिलेलं वाचून दाखवती बघ."

त्या दिवशी ती एका म्हातारीला तिचाच जबाब वाचून दाखवत होती. म्हातारी मधेच म्हणाली, असं नाही. बाईनं निमूट नवा कागद घेतला. काका सरसावून बसले. मी आवाज कमी केला. दोघांनाही एकच गोष्ट आठवली होती.

आठ वर्षांपूर्वी माझ्या माहेरी एका विहिरीवरची मोटार चोरीला गेली. संशय माझ्या भावावर, सुग्रीववर आला. त्याची एसटीत चालक म्हणून निवड झालेली, पोलिसांचा दाखला तेवढा यायचा होता. गुन्ह्यात नाव आलं असतं तर नोकरी गेलीच. शेजारच्या छबुबाईंनी त्याला विहिरीवर पाहिलं होतं. मी आणि आई ठाण्यातल्या बाकावर जीव मुठीत धरून बसलो होतो. शिपायानं जबाब लिहिला आणि छबुबाईंच्या अंगठ्यासाठी शाई पुढं केली. खाली ठरलेली ओळ होतीच : 'जबाब वाचून दाखवला, तो बरोबर आहे.' वाचला मात्र कुणीच नव्हता.

तेवढ्यात जमादार आले, तेव्हा तिथंच नेमणुकीला असलेले हेच शहादेवकाका. त्यांनी कागद उचलला आणि मोठ्यानं वाचायला लागले, "दिनांक चौदा रोजी सुग्रीव यास विहिरीवर पाहिले..."

"चौदा?" छबुबाई म्हणाल्या. "चौदा कोण मनलं? मी परवा मनले."

"आज सोळा, मावशी. परवा म्हणजे चौदाच की," शिपाई म्हणाला. मोटार चौदालाच गेली होती.

"आरं बाबा, परवा मंजी परवा! हरबरा काढायच्या आदी. पानी प्यायला आलता लेकरू."

"आन हरबरा कवा काढला?" जमादारांनी विचारलं.

"झाले की पंधरा-ईस दिस."

आमच्याकडं परवा म्हणजे कालच्या आदला दिवस, आणि मागचा महिनासुद्धा. शिपाई पुटपुटला, "आता परवाचाबी पंचनामा करायचा का?" जमादार हसले. म्हणाले, "लिही बे पुन्ना. ती बोलली तसं."

नवा जबाब त्यांनी दोनदा वाचला, मगच अंगठा घेतला. महिन्याभरात मोटार सापडली, चोर भलतेच निघाले. सुग्रीव आज एसटी चालवतो. पाटोद्याला फेरी असली की काकांना नमस्कार केल्याशिवाय गाडी हलवत नाही.

हे लिहून झाल्यावर मी काकांना वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य होतं, 'त्या दिवशी शहादेवकाकांनी वाचवलं.'

काकांनी हात वर केला. "थांब पोरी. वाचवलं कुठं? मी नुसतं वाचलं."

मग मी मधला 'व' खोडला आणि ते वाक्य पुन्हा वाचलं : त्या दिवशी शहादेवकाकांनी वाचलं.

"आता बरोबर," काका म्हणाले, आणि रिमोट माझ्याकडं सरकवला.

कागदावरचा 'व' मी खोडला. माझ्या आईला विचाराल, तर ती तो खोडू द्यायची नाही.