खळ्यात मांडलेलं गाव

आमचा ट्रक निघाला तेव्हा आय पुढं ड्रायव्हरजवळ बसायला काही तयार होईना. मागं दारं, वासे, कौलं, दोन शेरडं आणि उखळ एवढा पसारा होता, त्यात ती उखळाला टेकून बसली. दादा, म्हणजे माझे वडील, शेवटपर्यंत उभेच होते. रडारड फार झाली नाही. पाणी अजून नदीतच होतं, त्यामुळं कोयनेच्या धरणात आपलं गाव बुडणार हे निम्म्या लोकांना खरंच वाटत नव्हतं. तुमच्यातले काहीजण बांधावर उभे राहून आमच्याकडं बघत होते. पुढं आपल्याच गावातले तुम्ही लोक कोकणात गेलात, आम्ही विट्याकडच्या माळावर आलो. तुमच्याकडून अजून निरोप येतो तो एकच प्रश्न घेऊन, राणबानं नकाशा खोटा केला का? राणबा म्हणजे माझे दादा. ते आता नाहीत, म्हणून मी सांगते.

गाव उठायच्या आधी आलेल्या सरकारी नकाशात शेतांचे नंबर होते, घरं नव्हती. पुनर्वसनाचे साहेब म्हणाले, कोण कुणाच्या शेजारी राहतं ते काढून आणा, नव्या गावात त्याच ओळीनं प्लॉट देतो. मग गावाला दादा आठवले. शीव राखायचं काम आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या होतं. तीस वर्षं दादा शिवेवरून चालले होते, आणि दोन गावांत हद्दीचं भांडण लागलं की त्यांचा शब्द शेवटचा असायचा. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर त्यांनी सांगावे पोचवणं, मेलेली जनावरं ओढणं, सगळी गावकी टाकली होती. त्याला चार-पाच वर्षं झाली होती. आता पाटील स्वतः आमच्या वस्तीत आले, तेही जन्मात पहिल्यांदा.

"राणबा, तुझ्याबिगर हे कुणाला जमायचं न्हाई."

"मांडतो. पर गावकी म्हणून न्हाई," दादा म्हणाले.

पाटलांच्या खळ्यात त्यांनी गाव मांडलं. पावलाला एक बोट असं माप धरलं. वाटांना राख, नदीला धुण्यातली नीळ. ज्यानं त्यानं आपल्या घरातली एक वस्तू आणायची आणि दादा दाखवतील तिथं ठेवायची. पाटलांनी दाराची कडी आणली, लोहारानं बैलाच्या खुराला ठोकायची पत्री, शिंप्यानं बटण. एका म्हातारीनं फुटक्या बांगडीचा तुकडा ठेवला आणि स्वतःचं घर बघून लय हसली. पुढं सांगलीच्या एका कचेरीत मी तीस वर्षं ट्रेसर होते, ट्रेसिंग पेपरवर शेकडो नकाशे गिरवले. त्यातला एकही बघून कुणी हसल्याचं मला आठवत नाही.

सगळं मांडून झालं, पण ओढ्यापलीकडं जिथं आमची अकरा घरं, तिथली जागा मोकळीच होती.

"आरं, तुमची घरं?" पाटलांनी विचारलं.

"ती तुमी मांडा. आमाला पुन्यांदा वढ्याच्या पल्याड ठिवायचं आसंल, तर ज्याला तसं वाटतंय त्यानं वाकावं आन् ठिवावं."

वाकायला कुणी पुढं येईना, आणि अलीकडं या म्हणायलाही कुणाचं तोंड उघडेना.

मी सातवी पास होते, अक्षर बरं होतं, म्हणून ते गाव कागदावर उतरवायचं काम माझ्याकडं आलं. आमच्या घरांचं काय करू, म्हणून दादांना विचारलं. ते म्हणाले, "मोकळं ठिव." मी ठेवलं नाही. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? पाटलांच्या शेजारच्या मधल्या आळीत मी आमची अकरा नावं लिहिली, आणि दुसऱ्या दिवशी कागद थेट साहेबांच्या हातात दिला. दादांनासुद्धा दाखवला नाही.

माळावर खुंट्या ठोकल्या गेल्या तेव्हा ते सगळ्यांना कळलं. पाटील तडक आमच्या प्लॉटवर आले.

"राणबा, तीस वर्सांत तू कवा खोटी शीव दावली न्हाईस. ही पयली."

दादांनी एकदा माझ्याकडं बघितलं. आता ते माझं नाव घेणार, असं मला वाटलं. त्या माणसानं जन्मभरात कमावलं होतं ते फक्त शब्दाचं वजन.

"व्हय, मीच लिव्हाय सांगितलं," ते म्हणाले.

त्यावरून मला ते कधी बोलले नाहीत. पण त्यानंतर हद्दीच्या साक्षीला त्यांना कुणी बोलावलं नाही. दुसऱ्या कुणाला बोलावणं गेलं की ते दिवसभर गोठ्यात काहीतरी करत राहायचे, आणि मला त्यांच्याकडं बघवायचं नाही.

दोन वर्षांत आमच्या आजूबाजूच्यांनी आपसात प्लॉट बदलून घेतले, अगदी स्टँपपेपर करून. आम्ही जागचे हललो नाही, गावच सरकलं. आमच्या दोन्ही बाजूंच्या जागांवर बाभळी उगवल्या. पाटील तेवढे राहिले, कोपऱ्यावरची जागा सोडवली नाही त्यांना.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की तुम्ही जुन्या देवळाचे दगड बघायला जाता, बोलावता मलाही. मी येत नाही. ओढ्यापलीकडं काय दिसेल ते मला ठाऊक आहे. घर म्हटलं की मला माळावरचं ते बाभळीतलं घरच आठवतं, आणि दादांना तिथून नेलं तो दिवस. मधल्या आळीतून बाहेर पडायला पाटलांच्या दारावरूनच वाट आहे, दुसरी नाही. पाटील दारात उभे होते. म्हातारे झाले होते, काठी टेकत चार पावलं आमच्यामागं आले आणि थांबले. जुन्या गावात आमच्यातलं मयत त्या दारावरून कधीच गेलं नसतं.

तेव्हा तो खोटेपणा राणबाच्या नावावरनं काढा आणि माझ्या नावावर लावा. माझ्या नावावर मिळकत म्हणाल तर तेवढीच आहे.