साहेब येणार म्हणून आळीनं चिरा लिंपल्या

साहेब तपासणीला येणार म्हणून आमच्या आळीनं घरं सारवली, चिरा बुजवल्या, वरून चुना मारला आणि माझा तीन महिन्यांचा पुरावा उकिरड्यावर नेऊन टाकला. आज हे एका वाक्यात लिहून मोकळी होते. त्या दिवशी माझ्या तोंडून काय काय गेलं ते लिहिण्यासारखं नाही.

आमचं गाव कवठे महांकाळच्या पलीकडं. गावाच्या वरच्या अंगाला काळ्या दगडाची खाण आहे. रस्त्याच्या कामाला तिथनं खडी जाते. आठवड्यातनं दोनदा, दुपारी जेवणाच्या वेळेला भोंगा वाजतो, मग सुरुंग. जमीन हादरते, मांडणीवरची भांडी वाजतात, आणि मग खाणीवरचा मुकादम गावात येऊन सांगतो, कुठं काय झालंय? आमची आळी खाणीला सगळ्यात जवळ, आणि आळीत शेवटचं घर माझ्या चुलतीचं. चुलते गेल्यापासून ती एकटी राहते. तिच्या मागच्या खोलीची दगडमातीची भिंत खाणीकडं तोंड करून उभी आहे. त्या भिंतीवर छपराचं ओझं, आणि त्याच भिंतीला लागून काकीची बाज. भिंतीत वरनं खाली तिरकी चीर गेलेली. काकी, आमच्याकडं झोपायला या, असं मी किती वेळा सांगितलं असेल. तिचं एकच उत्तर: "माजं घर सोडून मी का येऊ? खाण मागनं आलीया."

सांगलीत विश्रामबागेत कॉलेजला असताना मी पत्रकं लिहायला शिकले. तीन उद्गारचिन्हं, एक "जाहीर निषेध", एक "झोपलेल्या प्रशासनाला जाग कधी येणार". तसंच एक छापून आणलं: भूसुरुंगांचा हैदोस बंद करा, खाण हटवा! ते वाचून पहिले हसले आमच्या गावचे सुभेदार. फौजेत त्यांची उमर दगड फोडून रस्ते काढण्यात गेली. आता पारावर बसून सगळ्यांच्या चुका काढतात.

"पोरी, भूसुरुंग लढाईतला असतोय. ह्यो दगडाचा सुरुंग. आदी ते खोड."

"काका, मुद्दा समजून घ्या. खाण बंद झाली पाहिजे."

"आन् तुज्या घराच्या पायात काय घातलंय, ऊस? दगूड तर लागणारच. फोडायची रीत चुकतीया, ते लिव."

मला राग आला. पण त्यांनी समजावलं ते पटलं, म्हणून आणखी राग आला. ते म्हणाले, "दहा जणांनी वट्ट्यावरनं एकदम उडी मारली तर घर हादरतंय. एकामागनं एक मारली तर? न्हाई हादरत. सुरुंगाचं बी तसंच. खडकात दहा भोकं पाडली तर ती एका दमात उडवायची न्हाईत. मधी डोळ्याची पापणी लवायच्या आत बसंल एवढा थोडा थोडा अवकाश ठिवायचा, म्हंजे धक्का वाटला जातोय. ह्ये लोक येळ वाचवाय सगळी एकदम उडवत्यात. आवाज आईकला तरी कळतंय मला."

पण सांगलीच्या खाण खात्याकडं अर्ज केला तेव्हा तिथनं विचारणा आली: चिरा सुरुंगामुळं कशावरून? घरं जुनी आहेत. फोटो पाठवले, तर म्हणे फोटोतली भिंत कुणाची आणि चीर कधीची हे कसं कळणार. मी सांगलीला जाऊन त्यांच्या टेबलावर हात आपटायला निघाले होते. सुभेदारांनी मला थांबवलं आणि कवठे महांकाळला काचवाल्याकडं नेलं. बोटाएवढ्या रुंदीच्या काचेच्या पट्ट्या कापून घेतल्या. चिरेवर पट्टी आडवी ठेवायची, दोन्ही टोकं प्लास्टरनं पक्की करायची, शेजारी तारीख लिहायची. काच लवत नाही. भिंत सूतभर सरकली तरी तटकन तुटते. मग तुटलेली तशीच ठेवायची आणि तिच्या खाली नवी लावायची.

अकरा घरांत पट्ट्या लावल्या. मी वहीत सुरुंगाचा दिवस आणि वेळ लिहायचे, सुभेदार घराघरांत जाऊन पट्ट्या बघायचे. काकीच्या भिंतीवर एकाखाली एक चार तुटक्या पट्ट्या झाल्या. मी खूश. भिंत पडायला आलीय आणि मी खूश! चळवळ माणसाला असं करते.

मग खात्याचा कागद आला: गुरुवारी साहेब पाहणीला येतील. मी मंगळवारी सांगलीला गेले, वहीच्या प्रती काढल्या, मैत्रिणीकडं राहिले, आणि गुरुवारी सकाळच्या एसटीनं गावात उतरले. आळी पांढरीशुभ्र. दारात रांगोळ्या. मला वाटलं कुणाचं लग्न आहे.

पळत काकीच्या मागच्या खोलीत गेले. भिंत कोरी.

"काकी, काच कुठाय?"

"कसली काच?"

"भिंतीवरची! तुटलेली!"

"आगं, फुटकी काच घरात ठिवत्यात व्हय? तुज्यासाटनं तीन म्हयनं गप बसले. आज साहेब येणार, म्हटलं काडावी. समद्यांनीच काडल्या."

"साहेब घर बघायला येत नाही, चिरा बघायला येतोय!"

"मग? त्यानं काय म्हनावं, ह्या बाईला भिंत लिंपाय येत न्हाई?"

पाहुणा येणार म्हणजे घर सारवायचं. तो पाहुणा कशासाठी येतोय हा प्रश्न आमच्याकडं कुणाला पडत नाही. सुभेदार दोन दिवस मुलीकडं कोरेगावला गेले होते, नाहीतर त्यांनी अडवलं असतं. ते माझ्या मागोमाग उतरले आणि भिंत बघून मटकन पायरीवर बसले.

साहेब आले. सगळ्या घरांत पोहे, सगळ्या घरांत चहा. सुरुंग त्या दिवशी अर्थातच नव्हता. मुकादम बरोबरच होता, म्हणाला, "बघा साहेब, कसं झ्याक गाव हाय. ह्यात कुठं चीर दिसती?"

मी वहीच्या प्रती पुढं केल्या. "ह्यात नुसत्या तारखा आहेत. ताई, दाखवा की चीर," साहेब म्हणाले. चेष्टेनं नाही, खरंच म्हणाले. मी किल्ली काढून चुना खरवडायला लागले. सुभेदारांनी माझं मनगट धरलं. "खरवडू नगंस. तूच पाडलीस म्हनतील."

साहेब गेले. मी आळीच्या मध्ये उभी राहून बोलले, बरंच बोलले. बायका ऐकून घेत होत्या. एक म्हणाली, "लय वरडतीया, च्या द्या तिला."

सुभेदार तेवढे शांत. "सिमिटाचा हात आन् चुना. वाळू दे त्यो. काचंपरास चांगलं काम करंल."

मला वाटलं, म्हातारपण.

पुढच्या आठवड्यात पहिला सुरुंग झाला. भोंगा, धक्का, भांडी. थोड्या वेळानं काकी आमच्या दारात. पदराला हात पुसत म्हणाली, "ये गं जरा." पांढऱ्या भिंतीवर काळी रेघ, वरनं खाली, तीच तिरकी वाट. कुणीतरी कोळशानं ओढावी तशी. मी पुन्हा अर्ज लिहिला. या वेळी एकही उद्गारचिन्ह घातलं नाही, सुभेदारांनी खोडलंच असतं म्हणून.

आणि काकीनं काय करावं? चिरेवर कॅलेंडर टांगलं. मी काढलं की ती टांगायची. तिच्या बहिणीकडचे पाहुणे यायचे होते. "सोयऱ्यांम्होरं भिंतीचं धिंडवडं कशाला?" मी म्हटलं, "काकी, भिंत अंगावर पडली तर सोयरे येतीलच." दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

साहेब दुसऱ्यांदा आले ते न कळवता, दुपारचे. रांगोळी नाही, पोहे नाहीत. मुकादम कुठनं तरी उगवलाच. मागच्या खोलीत शिरताना त्यानं आपलं पालुपद सुरू केलं, "साहेब, घर जुनं हाय, जुन्या घराला..."

काकीनं स्टूल ओढलं. मी धरायला गेले तर हात झटकला. वर चढून तिनं कॅलेंडर उतरवलं, माझ्या हातात दिलं आणि तिथंच उभी राहून साहेबांना म्हणाली, "तुमी मागं आलासा तवा ह्यो चुना वला होता. तुमच्या बाहीला लागला, तुमी झटकलासा. आटवतंय का?"

साहेबांनी आपल्या बाहीकडं बघितलं. "आठवतंय."

"घर जुनं आसंल. चुना न्हाई जुना."

साहेबांनी चिरेत नख घातलं, मोजपट्टी काढून मोजलं, बाहेर जाऊन दुसऱ्या घरात मोजलं, तिसऱ्या घरात मोजलं. सगळ्या भिंती एकाच दिवशी रंगवलेल्या, सगळ्या फुटलेल्या. मग त्यांनी मुकादमाला विचारलं, एका वेळी किती भोकं उडवता? मुकादम सुभेदारांकडं बघायला लागला. साहेबांनी तिथंच लिहून दिलं: या घरात धक्का मोजायचं यंत्र ठेवल्याशिवाय पुढचा सुरुंग लावायचा नाही. खाण हटवा असं काही नाही. माझ्या पत्रकातलं एकही वाक्य त्या कागदावर नव्हतं.

साहेबांची गाडी वळणाआड गेली तशी काकीनं माझ्या हातातलं कॅलेंडर ओढून घेतलं आणि परत खिळ्याला लावलं.

"काकी! आता तरी उघडी राहू दे की भिंत!"

"साहेबानं बघितली न्हवं? आता समद्या गावाला कशाला दावू?"

मी भांडले नाही. तिची बाज धरली आणि पुढच्या खोलीकडं ओढायला लागले. तिनं दुसरं टोक धरून ठेवलं.

"भोंगा बंद हाय न्हवं आता?"

"यंत्र येईपर्यंत."

"मग यंत्र येस्तवर ऱ्हाऊ दे हितंच."

सुभेदार दारातनं म्हणाले, "वढ पोरी, मी बी धरतो." आम्ही दोघांनी बाज पुढच्या खोलीत आणली. बाजेवर काकी बसलेलीच होती, आम्हाला शिव्या देत.