कवटीची वाटी

आमच्या आत्याचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. संग्रहालयाच्या मागच्या खोलीत ती जुन्या मूर्तींच्या प्लॅस्टरच्या नकला करायची. "नक्कल काय म्हणतेस? जुळी बहीण म्हण!" असं मलाच दटावायची. मीही तिथेच कामाला चिकटले होते, त्यामुळे बोलणी खायची सोय घरी आणि कामावर, दोन्हीकडे झाली होती.

यंदा तिच्याकडे दोन उग्र देव्या आल्या. एक हिंदू, एक बौद्ध. दोघींच्या गळ्यात मुंडमाळ, हातात कवटीची वाटी. आत्या हात वेगळे ओतायची, ओल्या फडक्यात गुंडाळायची आणि ओळखायला वर दोरा बांधायची: एकीला निळा, दुसरीला काळा. पण तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू! ऑफिसात कळलं तर नकलांसाठी मशीन आणतील आणि आपल्याला घरी बसवतील, या धास्तीने तिने मला तोंड उघडू दिलं नव्हतं.

व्हायचं तेच झालं. संचालकबाई मूर्ती पाहायला आल्या, तर हातांची अदलाबदल! बाई वाकून बघतात, मागे सरतात, पुन्हा वाकतात. मग चक्क हसल्या.

"अहो, फिट्ट बसलेत की! ही वाटी, ही माळ मुळात स्मशानात राहणाऱ्या, राख फासणाऱ्या जोग्यांची, असं बरेच अभ्यासक मानतात. तिथूनच ती दोन्हीकडे गेली. प्रदर्शनात मला हेच तर दाखवायचंय."

"म्हणजे दोघींचं माहेर एकच म्हणा," आत्या पुटपुटली.

"अगदी! पण ताई, तुम्हाला दोरे दिसत नाहीत का?"

आत्याने मान खाली घातली. हे मी पहिल्यांदाच पाहत होते. मग म्हणाली, "नाही दिसत. पण घरी नका हो बसवू. घरी मी करू काय?" ते ऐकून मला रडूच फुटलं.

"ऑपरेशन करून या," बाई म्हणाल्या. "खोली तुमचीच आहे."

बरी झाल्यावर आत्या थेट दालनात शिरली. तोवर ज्या देवीचे हात तिला मीच बदलून लावले होते, शाबासकीच्या आशेने दात काढत उभी राहिले. तिने बौद्ध देवीच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि कडाडली, "हनुवटीवर एवढी भेग, आणि एकालाही दिसली नाही?"

"मला दिसली होती," मागून संचालकबाई म्हणाल्या. "तुम्हाला दिसेपर्यंत थांबले."

आत्याने त्या भेगेवरून एकदा बोट फिरवलं. मग माझ्यावरच खेकसली, "बघतेस काय? डोळ्यांत पाणी आणायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलंय मला. जा, प्लॅस्टर कालव."